निजामाच्या चाकरीतील कादंबरीकार : फिलिप मेडोज टेलर याचे जीवन आणि लेखन

प्रास्ताविक

वासाहतिक काळातील इंग्रजी लेखक आणि भारत या विषयाचा विचार करताना मराठी अभ्यासकांसमोर प्रामुख्याने तीन नावे येतात. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला, ई. एम. फॉर्स्टरने १९२१ साली देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने काम केले. जॉर्ज ऑर्वेलने १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस खात्यात नोकरी केली. या तिघांच्याही लेखनावर त्या त्या अनुभवाची छाप आहे. तथापि, काळाच्या व सहवासाच्या दृष्टीने पाहिल्यास या तिघांपेक्षाही मराठी मुलखाशी ज्याचा संबंध दीर्घ व निकटचा होता, असा लेखक म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) होय. १८२४ ते १८६० हा त्याच्या आयुष्याचा कर्तृत्वकाळ, मध्यंतरीची रजा वगळता, दक्षिणेत गेला. औरंगाबाद, हैदराबाद, सुरपूर, नळदुर्ग आणि बुलढाणा ही त्याच्या नोकरीची ठिकाणे होती. असे असूनही ठगांविषयीच्या एका कादंबरीचा कर्ता एवढीच त्याची ओळख सामान्यतः सांगितली जाते.

टेलरचे जीवन आणि त्याचे लेखन यांतील संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. टेलरच्या नोकरीतील दुय्यम स्थानाने त्याला एतद्देशीय जीवनाची असाधारण जवळीक दिली, आणि त्याच नोकरीतील सत्तेने त्या जवळिकीला एक सीमा घातली. ही सीमा जेथे येते तेथे त्याची कादंबरी एखाद्या पात्राचा मृत्यू घडवते, नाहीतर मौन पत्करते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

नोकरीचे स्वरूप आणि दृष्टीची घडण

टेलरचा जन्म लिव्हरपूल येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावल्यामुळे पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी धाडण्यात आले. पुढे भागीदारी मिळेल असे आश्वासन होते. प्रत्यक्षात मुंबईस पोचल्यावर ती पेढीच डबघाईस आल्याचे आढळले. अखेर मुंबई सरकारातील एका वजनदार नातेवाइकाच्या खटपटीने त्याला निजामाच्या सैन्यात अधिकारपद मिळाले आणि हा मुलगा दक्षिणेच्या पठारावर दाखल झाला.

हा योगायोग त्याच्या पुढील लेखनाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. कंपनीच्या करारबद्ध मुलकी सेवेतील अधिकारी आणि निजामाच्या चाकरीतील इंग्रज यांच्या प्रतिष्ठेत मोठे अंतर होते. पहिल्याच्या मागे हेलिबरी येथील शिक्षण, लंडनमधील वशिला आणि निश्चित बढतीचा मार्ग असे. दुसऱ्याला यांपैकी काहीही नव्हते. त्याला जे काही मिळवायचे ते स्थानिक भाषा, स्थानिक माणसे आणि स्थानिक प्रश्न यांच्या जाणकारीवर मिळवावे लागे. टेलरने हिंदुस्थानी, फारसी व मराठी या भाषांचा अभ्यास केला. बाजाराची देखरेख, पोलीस बंदोबस्त, जमीनमहसूल, तलाव व रस्ते अशी नाना तऱ्हेची कामे केली. सुरपूर परिसरातील प्राचीन शिलासमाधींची पाहणी करून त्यांवर लेखनही केले. १८४० ते १८५३ या काळात लंडनच्या ‘टाइम्स’साठी तो वार्तापत्रे पाठवीत असे. टेलरच्या बाबतीत एतद्देशीय जीवनाचे ज्ञान हे उपजीविकेचे साधन होते, आणि म्हणूनच त्याच्या कादंबऱ्यांतील तपशील प्रवासी लेखकाच्या तपशिलापेक्षा वेगळ्या जातीचा आहे.

जबानीचा आकृतिबंध

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची पहिली कादंबरी १८३९ साली, तो रजेवर इंग्लंडमध्ये असताना प्रसिद्ध झाली. तिला तत्काळ लोकप्रियता लाभली. राणी व्हिक्टोरियानेही ती उत्सुकतेने वाचली. या कादंबरीची उभारणी पूर्णपणे टेलरच्या नोकरीतून झालेली आहे. तरुणपणी पोलीस खात्यात असताना त्याला प्रवाशांच्या गूढ खुनांचा माग लागला होता. परंतु पलटणीत परत येण्याचा हुकूम झाल्याने तो तपास अर्धवट राहिला. ठगांच्या टोळ्या उघडकीस आणण्याचे श्रेय पुढे विल्यम स्लीमनला मिळाले, याची रुखरुख टेलरने आत्मचरित्रात नोंदवली आहे. नंतर हैदराबाद भागात माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या नोंदवण्याचे काम त्याच्याकडे आले. तपासात हुकलेले श्रेय त्याने कादंबरीत मिळवले, असे म्हणता येईल.

कादंबरीचा निवेदक अमीर अली हा माफीचा साक्षीदार आहे. ७१९ खुनांत आपला प्रत्यक्ष सहभाग होता असे तो सांगतो. तो बोलतो आणि एक ‘साहेब’ ऐकतो. साहेब क्वचित एखादा प्रश्न विचारतो, कधी उद्गार काढतो, आणि पुन्हा गप्प होतो. ही रचना कचेरीतील जबानीची आहे. तिचा वाङ्मयीन परिणाम मात्र कचेरीच्या अपेक्षेपलीकडे गेला आहे. जबानीत गुन्ह्याचा तपशील पुरेसा असतो; अमीर अलीच्या निवेदनात बालपण, पित्यासमान पालनकर्त्याविषयीचे प्रेम, मैत्री, विनोद, प्रवासाचा आनंद आणि स्वतःच्या कौशल्याचा अभिमान हे सर्व येते. आपल्याला वाढवणाऱ्या ठगानेच आपल्या आईबापांचा खून केला होता, आणि आपण नकळत स्वतःच्या बहिणीचा जीव घेतला, हे त्याला उशिरा कळते. हा माणूस वाचकाला एकाच वेळी भयंकर व परिचित वाटू लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ठगी ही एकसंध, देशव्यापी व धर्मप्रेरित संघटना होती, या स्लीमनप्रणीत समजुतीची अलीकडील संशोधनाने कसून फेरतपासणी केली आहे. मार्टिन व्हान वोर्केन्स आणि किम वॅग्नर यांच्या अभ्यासांनी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या कोणत्या दडपणाखाली तयार झाल्या याकडे लक्ष वेधले आहे. वॅग्नरचा २००७ सालचा ग्रंथ ठगी ही निव्वळ वासाहतिक कल्पना होती हे टोकाचे मतही स्वीकारत नाही. या संशोधनाच्या प्रकाशात टेलरची कादंबरी वाचल्यास तिच्यातील साहेबाचे मौन निष्पाप राहत नाही. जबानी देणाऱ्याचा जीव ऐकणाऱ्याच्या हाती आहे, त्यामुळे त्याची वाचाळता ही जगण्याची धडपडही आहे. टेलरला ही परिस्थिती आतून ठाऊक होती. तिची चिकित्सा त्याने केली नाही. परंतु तिचा आकृतिबंध जसाच्या तसा ठेवल्यामुळे ती चिकित्सा करण्याची सामग्री वाचकाच्या हाती आली.

भवानीची दोन रूपे

जीवनाने लेखन कसे बदलले याचा सर्वांत स्पष्ट पुरावा टेलरच्या पहिल्या कादंबरीत आणि १८६३ सालच्या ‘तारा’ या कादंबरीत आढळतो. दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी भवानी आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’मधील भवानी ही मारेकऱ्यांची देवता आहे. तिचे शकुन, तिचा कोप, तिच्या नावाने वाटलेला गूळ हे सर्व पोलिसांच्या दप्तरातून आलेले आहे. या देवीला घर नाही, पुजारी नाहीत, सणवार नाहीत. ती केवळ गुन्ह्याच्या संदर्भात प्रकट होते.

या दोन पुस्तकांच्या दरम्यान टेलरच्या आयुष्यात नळदुर्गचा काळ आला. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि पश्चिमेकडील काही जिल्हे इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. त्यांपैकी नळदुर्गचा कारभार टेलरकडे सोपवण्यात आला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हा प्रदेश. तुळजापूर त्याच्या अधिकारक्षेत्रात येत होते. जमीनमहसूल व दिवाणी-फौजदारी कामासाठी या मुलखात फिरताना त्याला तुळजाभवानीचे क्षेत्र एका जिवंत गावाच्या रूपात दिसले.

‘तारा’ची सुरुवात या गावात होते. नायिका तारा ही तुळजापूरच्या व्यास शास्त्री नावाच्या विद्वान ब्राह्मणाची बालविधवा कन्या आहे. दरीत उतरणारे देऊळ, तेथील नित्य पूजा, घरातील पोथीवाचन, शेजारपाजार, विधवेचे सोवळे आणि तिच्या वाट्याला आलेले रिकामे दिवस यांचे चित्रण येथे विस्ताराने येते. चोवीस वर्षांपूर्वी जी देवी केवळ फाशीगरांची होती, ती आता एका मुलीच्या एकाकीपणाचा आधार होते. धर्माकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेला हा पालट कोणत्याही ग्रंथाच्या वाचनाने झालेला नाही. त्या क्षेत्राच्या कारभाराची जबाबदारी अंगावर पडल्यामुळे तो झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

अर्थात जुनी भीती पुरती नाहीशी झालेली नाही. देवीचा संचार, रक्ताची तहान, मंदिरातील सेविकांची नैतिकता यांविषयी टेलर लिहू लागला की पोलीस अधिकाऱ्याची नजर पुन्हा जागी होते. या सेविकांना तो ‘मुरळी’ म्हणतो. मुरळीची प्रथा महाराष्ट्रात मुख्यतः खंडोबाशी निगडित आहे हे लक्षात घेता, त्याच्या जाणकारीलाही तिच्या मर्यादा होत्या हे दिसून येते.

‘तारा’तील इतिहासदृष्टीही टेलरच्या चाकरीशी जोडलेली आहे. अफझलखानाची स्वारी आणि प्रतापगडचा प्रसंग हा या कादंबरीचा ऐतिहासिक कणा. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपाने आली. म्हणजे शिवकाल मराठी कादंबरीत येण्यापूर्वी तो इंग्रजी कादंबरीत आला होता. मात्र टेलरची कथा मराठी मनाला परकी वाटते, याचे कारण तिची सहानुभूती विजापूरकडे झुकलेली आहे. खान आणि त्याचा मुलगा फाजिल यांचे घर, त्यांतील जिव्हाळा, शौर्य व शिष्टाचार यांचे चित्रण अधिक ऊबदार आहे. शिवाजी महाराजांचे चातुर्य दगलबाजीच्या अंगाने येते. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासाचा प्रभाव येथे उघड आहे. त्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास जी प्रसिद्ध टीका केली, ती ‘तारा’नंतरची. परंतु केवळ ग्रँट डफ हे उत्तर पुरेसे नाही. टेलरने आयुष्य दक्षिणेतील एका मुसलमान राज्याच्या सेवेत घालवले होते. हैदराबादच्या सरदारांच्या घरांशी त्याचा परिचय होता. मराठा सरदारांच्या घरांशी तितका नव्हता. ज्या घराचा उंबरठा लेखकाने ओलांडला आहे त्या घरातील माणसे त्याच्या कादंबरीत माणसांसारखी वागतात, इतरांचा इतिहास होतो.

पुढील ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) यांसह टेलरने १६५७, १७५७ व १८५७ अशी शतकांतराची त्रयी कल्पिली. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा असताना तो दोन वर्षे मागे नेण्याचा मोह त्याला या आखणीपायी झाला. मराठ्यांचा उदय, प्लासी आणि सत्तावनचा उठाव हे एका सूत्रात ओवले की इंग्रजी सत्ता इतिहासाच्या क्रमाने आपोआप आल्यासारखी दिसते.

दोन विवाह

१८३२ साली टेलरचा विवाह मेरी पामर हिच्याशी झाला. तिचे वडील विल्यम पामर हे हैदराबादचे प्रसिद्ध सावकार. त्यांची पेढी १८२४ मध्ये बुडाली. विल्यम पामर यांचे वडील जनरल पामर हे पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते आणि आई फैज बख्श ही बेगम होती. म्हणजे टेलरची पत्नी मिश्र वंशाच्या घराण्यातील होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी आणि भारतीय स्त्रिया यांच्या संबंधांना जी सामाजिक सवलत होती, ती टेलरच्या हयातीत संपुष्टात आली. १८५७ नंतर तर ती अशक्यप्राय झाली. मेरीचा मृत्यू टेलर सुरपूरला असताना झाला. त्याने पुन्हा विवाह केला नाही. आत्मचरित्रात या विवाहाविषयीचा मजकूर त्रोटक आहे.

जे आत्मचरित्रात विस्ताराने आले नाही ते ‘सीता’मध्ये येते. या कादंबरीत सिरिल ब्रँडन हा इंग्रज मुलकी अधिकारी सीता नावाच्या हिंदू विधवेशी हिंदू विधीने विवाह करतो. सीता सुशिक्षित, स्वाभिमानी आणि धर्मनिष्ठ आहे. छावणीतील इंग्रज स्त्रीपुरुषांनी तिच्याकडे फिरवलेली पाठ, तिच्या स्वतःच्या जातीतून आलेला बहिष्कार, आणि या विवाहाला इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही ही तिची वेदना यांचे चित्रण टेलरने ज्या बारकाव्याने केले आहे, तो बारकावा ऐकीव माहितीवर साधत नाही. सत्तावनच्या उठावाला जेमतेम पंधरा वर्षे उलटलेली असताना, इंग्लंडमध्ये त्याविषयीच्या सूडकथांचा महापूर असताना, एका भारतीय विधवेला इंग्रज नायकाची विवाहित पत्नी करणे हे धाडस होते. त्याची नोंद घ्यावयास हवी.

परंतु अखेरीस सीता मरते. पतीवर झालेला वार ती स्वतःच्या अंगावर घेते, आणि तिच्या मृत्यूनंतर ब्रँडन एका इंग्रज तरुणीशी विवाह करतो. याउलट ‘तारा’मध्ये ब्राह्मण विधवा तारा आणि अफझलखानाचा मुलगा फाजिल यांचे मीलन लेखकाला सुखान्त करता आले. हिंदू–मुसलमान विवाहाची कल्पना तो सहज करू शकतो. इंग्रज–हिंदू विवाह मात्र कथेत टिकत नाही. पहिल्या विवाहात राज्यकर्त्या इंग्रजाचा प्रश्न नाही, दुसऱ्यात आहे. ज्या गोष्टीला टेलरचे स्वतःचे घर साक्षी होते, ती त्याच्या कादंबरीला शेवटपर्यंत नेता आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्रज वाचकवर्गाचा दाब येथे लेखकाच्या अनुभवावर मात करतो.

सुरपूर : न लिहिलेली कादंबरी

टेलरच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कथा त्याने कादंबरीरूपात कधीच लिहिली नाही. १८४१ साली त्याची नेमणूक सुरपूर या बेडर संस्थानात झाली. (सुरपूर आज कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात आहे, इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख शोरापूर असा येतो.) राजा व्यंकटप्पा नायक अल्पवयीन होता, राणी ईश्वरम्मा हिच्याशी टेलरचा सतत संघर्ष चालला. सुमारे बारा वर्षे टेलरने राज्याचा कारभार पाहिला, तलाव व रस्ते बांधले, आणि या मुलाचे पालकत्व केले. राजा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. १८५३ मध्ये राजा सज्ञान झाल्यावर राज्य त्याच्या हवाली करून टेलर नळदुर्गला गेला.

१८५७ मध्ये टेलर बुलढाण्याला डेप्युटी कमिशनर होता. सैन्याच्या मदतीवाचून त्याने तो प्रदेश शांत ठेवला, याचा त्याला रास्त अभिमान होता. त्याच सुमारास सुरपूरचा राजा उठावाकडे ओढला गेला. १८५८ च्या प्रारंभी उठाव मोडला, राजा हैदराबादेत पकडला गेला, आणि त्याच्या राज्याची व्यवस्था लावण्यासाठी पुन्हा टेलरलाच पाठवण्यात आले. राजाला देहदंडाची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आणली गेली. टेलरने त्याच्यासाठी रदबदली केली आणि गव्हर्नर जनरलने ती चार वर्षांच्या कैदेवर आणली. कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना राजाने पिस्तुलाने स्वतःचा शेवट केला. पुढे सुरपूर निजामाला देण्यात आले.

‘सीता’ ही सत्तावनची कादंबरी. परंतु तिचे स्थळ उत्तर हिंदुस्थान आहे आणि तिच्यातील बंडखोराचा नेता हा दरोडेखोर खुनी आहे. ज्या बंडखोराला टेलरने वाढवले होते, त्याला तेथे जागा नाही. कारण सुरपूरच्या राजाला कादंबरीत आणावयाचे तर एक प्रश्न टाळता आला नसता : ज्याला आपण प्रेमाने, शिक्षणाने व सुव्यवस्थेने घडवले तोच आपल्या विरुद्ध का उठला? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर टेलरच्या आयुष्यभराच्या कामावर निकाल देणारे ठरले असते.

त्याच्या मृत्यूनंतर १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ नोबल क्वीन’ या चांदबिबीवरील कादंबरीत मात्र बेडर परत येतात. कृष्णाकाठचा तोच खडकाळ मुलूख, आणि त्यात रंगा नायक हा बेडर नायक. शूर, रांगडा आणि विजापूरच्या तख्ताशी एकनिष्ठ. राजा व्यंकटप्पाकडून जी निष्ठा मिळाली नाही ती सोळाव्या शतकात नेऊन टेलरने या पात्राला दिली, असे या व्यक्तिरेखेचे वाचन करता येते. विजापूरच्या सुलतानाशी एकनिष्ठ राहणारा बेडर रेखाटताना लेखकाला इंग्रजी सत्तेविषयी काहीच बोलावे लागत नाही.

चरित्रात्मक वाचनाच्या मर्यादा

लेखकाचे चरित्र हीच त्याच्या साहित्याची किल्ली, असे मानण्यात धोका आहे. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (१८७७) हे टेलरचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर त्याची कन्या अ‍ॅलिस हिने संपादित करून प्रसिद्ध केले. म्हणजे ज्याला चरित्राचा पुरावा म्हणावे तोही एक रचलेला ग्रंथ आहे. एका निवृत्त, सन्मानित अधिकाऱ्याला स्वतःविषयी जे सांगावेसे वाटले, आणि कुटुंबाला जे छापावेसे वाटले, ते त्यात आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आत्मचरित्रातील विधानांपेक्षा नोकरीची ठिकाणे, पदांचे स्वरूप, वर्षे आणि कादंबऱ्यांचे प्रसिद्धिकाल यांच्या तुलनेवर अधिक भर दिला आहे. दुसरे असे की, टेलरसारखेच जीवन जगलेले अनेक अधिकारी होते आणि त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत. अनुभव हे लेखनाचे द्रव्य असते. त्याला रूप देणारी कल्पनाशक्ती चरित्रातून सिद्ध करता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. टेलरच्या दुय्यम नोकरीने त्याला भाषा व माणसे यांच्या जवळ नेले आणि त्याच्या कादंबरीतील तपशिलाला वजन दिले. जबानी नोंदवण्याच्या कामातून त्याच्या पहिल्या कादंबरीचा आकृतिबंध जन्मला, तर नळदुर्ग–तुळजापूरच्या वास्तव्याने धर्मजीवनाकडे पाहण्याची त्याची दृष्टी व्यापक केली. निजामाच्या सेवेने त्याच्या मराठा इतिहासाच्या चित्रणाला विजापूरकडे कल दिला. विवाह आणि सुरपूर या दोन ठिकाणी मात्र जीवनाने जे दिले ते लेखनाला पेलले नाही. तेथे राज्यकर्ता आणि माणूस यांपैकी एकाची निवड करणे भाग होते, आणि टेलरने ती निवड टाळली.

वासाहतिक लेखकाला सहानुभूतिशील किंवा साम्राज्यवादी यांपैकी एका कप्प्यात टाकण्याची सवय अध्यापनात सोयीची असली तरी टेलरच्या बाबतीत ती उपयोगी पडत नाही. त्याच्यापाशी सहानुभूती खरी होती आणि सत्ताही खरी होती. सुरपूरच्या कचेरीत ती दोन्ही एकाच खुर्चीवर बसली होती. मराठवाडा आणि वऱ्हाड येथील महाविद्यालयांना तर हा लेखक स्थानिक इतिहासाचा भाग म्हणूनही उपलब्ध आहे. ‘तारा’ ही कादंबरी ‘मोचनगड’च्या शेजारी ठेवून इंग्रजी, मराठी व इतिहास या विभागांनी एकत्रितपणे अभ्यासावी, इतकी सामग्री तिच्यात निश्चित आहे.